सेकंदकाटा दिसतो का?

कर्जतकरांचे घड्याळ बांधलेले असते ते लोकलशी. मुंबईची गाडी किती वाजता सुटते, खोपोलीची किती वाजता येते, यावर इथल्या हजारो घरांचा दिवस आखला जातो. त्यामुळे घड्याळात बघायचे ते तास आणि मिनिटे. सेकंदकाट्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण याच कर्जतमध्ये आणि शेजारच्या खालापूर तालुक्यात काही मनगटांवरच्या घड्याळांत सेकंदकाटाच सर्वांत महत्त्वाचा असतो. ही मनगटे आहेत रुग्णालयातल्या परिचारिकांची, उपकेंद्रातल्या एएनएमची आणि वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या आशाताईंची.

थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र, वजनकाटा यांच्याप्रमाणे घड्याळ हेही शुश्रूषेचे मोजमापाचे साधन आहे. तरीही ते निवडताना बहुतेकदा दागिन्यासारखे निवडले जाते. नर्सिंगला प्रवेश मिळाला किंवा नोकरी लागली, की घरचे कौतुकाने नाजूक सोनेरी घड्याळ घेऊन देतात. लहानशी चकाकती तबकडी, आकड्यांऐवजी खडे, आणि सेकंदकाटा असलाच तर केसासारखा बारीक. लग्नकार्यात ते शोभून दिसते. रात्रपाळीत मात्र अडचण होते.

एका मिनिटावर ठरणारा निर्णय

पावसाळ्यातली एखादी संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या ठाकूरवाडीत किंवा कातकरीवाडीत आशाताई बाळाला बघायला गेली आहे. घरात उजेड बेताचाच, बाहेर पावसाचा आवाज. नवजात बाळांसाठीच्या गृहभेटींचा हा कार्यक्रम देशात २०११ पासून राबवला जातो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन तपासायचे असते. त्यासाठीच्या साहित्यात वजनकाटा आणि थर्मामीटर यांच्यासोबत घड्याळही असते, ते श्वास मोजण्यासाठी.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर तो जलद श्वास समजतात. पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचे आणि आकडा तोच आला, तर बाळाला रुग्णालयात न्यायचे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळासाठी ही मर्यादा ५० आहे आणि एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी ४०. न्यूमोनिया ओळखण्याची ही जगभर वापरली जाणारी साधी पद्धत आहे. तिला एक्स-रे लागत नाही, स्टेथोस्कोप लागत नाही. उघडी छाती-पोट, शांत बाळ आणि वाचता येणारे घड्याळ एवढे पुरते.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर चालणार नाही का? मोठ्या माणसाची नियमित चालणारी नाडी असेल, तर एक वेळ चालते. तान्ह्या बाळाचे श्वास मात्र एका लयीत नसतात. ते भराभर श्वास घेते, मध्येच काही सेकंद थांबते, पुन्हा सुरू होते. एका पंधरा सेकंदांत १३ श्वास भरले, तर हिशेब ५२ येतो आणि बाळ ठीक वाटते. पुढच्या पंधरा सेकंदांत १६ भरले, तर ६४ येतात आणि तेच बाळ आजारी ठरते. म्हणून मिनिट पूर्णच मोजावे लागते. सेकंदकाटा कुठून निघाला हे नीट दिसले नाही, तर मिनिटाची पन्नास किंवा सत्तर सेकंदे होतात. आकडा मर्यादेच्या आसपास असेल, तर तेवढ्या फरकाने आजारी बाळ घरी राहू शकते, किंवा निरोगी बाळाला घेऊन आई भर पावसात उगाच दवाखाना गाठते.

मोजणीतली ही अडचण महाराष्ट्रानेच फार पूर्वी ओळखली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांसाठी श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापुढे मोजता येत नसले, तरी न्यूमोनिया ओळखता यावा, हा त्यामागचा विचार. साधन वापरणाऱ्याच्या डोळ्यांना आणि हातांना सोपे असले पाहिजे, हा त्यातला धडा मनगटी घड्याळालाही लागू पडतो.

सलाईन, कळा आणि सर्पदंश

रुग्णालयात सेकंदकाट्याची कामे आणखी वाढतात. समजा, ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि नळीतून २० थेंबांना एक मिलिलिटर पडते. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. पंधरा सेकंदांच्या मोजणीत दोन थेंबांची चूक झाली, तर मिनिटाला आठ थेंब आणि तासाला २४ मिलिलिटरचा फरक पडतो. वेग जास्त झाला, तर चार तासांची बाटली तीन तास वीस मिनिटांतच संपते. धडधाकट माणसाला हे सोसते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल किंवा लहान मूल असेल, तर हा फरक महागात पडू शकतो.

प्रसूतिकक्षात दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, याची नोंद ठेवतात. वीस सेकंदांपेक्षा कमी, वीस ते चाळीस आणि चाळीसपेक्षा जास्त, अशा तीन प्रकारांत ती होते. बाळाचे ठोके मोजायचे असतात. बाळ जन्मले आणि रडले नाही, तर पहिल्या मिनिटातच त्याला श्वास देण्याची तयारी लागते. त्या मिनिटाला ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात.

भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. घोणस किंवा फुरसे चावले असेल, तर विषाने रक्त गोठेनासे होते. ते तपासायला रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून बघतात. घाईत पंधराव्या मिनिटालाच नळी उचलली, तर न गोठलेले रक्त विषामुळे पातळ राहिले की वेळ पुरला नाही, हे कळत नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते. तिथे ही चाचणी नीट आली, तरी धोका टळलेला नसतो आणि रुग्णाच्या पापण्या, बोलणे व श्वास यांवर ठरावीक वेळेने लक्ष ठेवावे लागते. म्हणजे इथेही घड्याळ लागतेच.

महाग घड्याळ जास्त अचूक?

वैद्यकीय तपासणीत घड्याळ आले, त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे खास घड्याळ करवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी बहुतेक घड्याळांना सेकंदकाटाच नव्हता. मिनिट अचूक मोजणारे यंत्र मिळवणे, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

आज तो प्रश्न उरलेला नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावर सेकंद ठरतो. असे घड्याळ महिन्याला पंधरा सेकंद पुढे-मागे झाले, तरी एका मिनिटात पडणारा फरक डोळ्याला जाणवणारही नाही इतका कमी असतो. थोडक्यात, हजार रुपयांच्या आतले घड्याळही श्वास आणि नाडी मोजायला पुरेसे अचूक आहे. चूक होते ती घड्याळाच्या यंत्रात कमी आणि ते वाचण्यात जास्त. त्यामुळे पैसे खर्च करायचे ते तबकडीवर.

दुकानात काय बघावे?

पांढऱ्या तबकडीवर काळे आकडे, किंवा काळ्यावर पांढरे, हे सर्वांत सहज वाचता येतात. सोनेरीवर सोनेरी, शिंपल्यासारखी चमकणारी किंवा नक्षीची तबकडी टाळावी. एक ते बारा सर्व आकडे असावेत. कडेला साठ खुणा स्पष्ट असाव्यात आणि सेकंदकाटा तिथपर्यंत पोहोचणारा, लाल किंवा इतर वेगळ्या रंगाचा असावा. तो टिकटिकताना खुणेवर पडतो की दोन खुणांच्या मध्ये, हेही बघावे.

मोठ्या तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या असलेली घड्याळे रुबाबदार दिसतात. त्यांतला मधला लांब काटा बहुधा स्टॉपवॉचचा असतो आणि बटण दाबेपर्यंत हलत नाही. चालू सेकंद एका छोट्या तबकडीत दाखवले जातात. शुश्रूषेच्या कामाला अशी घड्याळे गैरसोयीची.

आकडे दाखवणारे डिजिटल घड्याळही चालते. दिव्याचे बटण आणि स्टॉपवॉच असेल, तर अंधाऱ्या खोलीत त्याचा उपयोग होतो. नाहीतर ३७ व्या सेकंदाला मोजणी सुरू केली, तर पुढच्या ३७ पर्यंत थांबायचे, हे लक्षात ठेवत श्वासही मोजावे लागतात. काट्याच्या घड्याळात काटा निघाला त्या जागी परत आला, की मिनिट झाले. स्मार्टवॉचचा पडदा मोजणीच्या मध्येच विझत असेल, तर तो सतत चालू राहील अशी सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

चाळिशी लागलेल्यांनी एक चाचणी जरूर करावी. दुकानातल्या झगझगीत दिव्यांपासून बाजूला, कमी उजेडात जावे. हात लांब धरून, आधी चष्म्याशिवाय आणि मग चष्म्यासह सेकंदकाटा बघावा. त्यानंतर स्वतःचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. त्या मिनिटात काटा एकदाही हरवला, तर घड्याळ परत ठेवावे. काचेवर ट्यूबलाइट चकाकते का, हेही तेव्हाच कळते.

कोकणाच्या पावसात पाण्यापासून संरक्षण हवेच. ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ पाण्यात बुडवण्यासाठी नसते. ते शिंतोडे सोसते, इतकाच त्याचा अर्थ. वारंवार हात धुणाऱ्यांनी ५० मीटर किंवा त्याहून जास्तीचे घ्यावे. पट्टा सिलिकॉनचा किंवा रबराचा, गुळगुळीत आणि धुता येणारा असावा. चामडे आणि कापड ओलावा धरून ठेवतात, तर धातूच्या कड्यांत घाण साचते आणि बाळाच्या त्वचेला ओरखडाही पडू शकतो.

मनगटावर की छातीवर?

घड्याळाखालच्या त्वचेवर जास्त जंतू आढळतात, कारण हात धुताना तेवढाच भाग राहून जातो. साबणाने हात धुण्याची पूर्ण कृती ४० ते ६० सेकंदांची आहे आणि त्यात मनगटही आले. शस्त्रक्रियेसाठी हात धुण्यापूर्वी घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत तर रुग्णाला हात लावताना कोपराखाली घड्याळ घालूच देत नाहीत. तिथल्या परिचारिका गणवेशावर छातीशी उलटे लटकणारे घड्याळ लावतात. मान खाली घातली, की ते सुलट दिसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आपल्याकडेही अशी घड्याळे मिळतात. प्रसूतिकक्षात आणि अतिदक्षता विभागात ती सोयीची ठरतात. जिथे मनगटी घड्याळच वापरले जाते, तिथे हात धुताना ते काढावे, पुसावे आणि मगच पुन्हा बांधावे.

वापरतानाही दोन सवयी उपयोगी पडतात. बाळाचे श्वास मोजताना घड्याळ त्याच्या पोटाजवळ धरावे, म्हणजे पोट आणि काटा एकाच नजरेत येतात. पाळी सुरू होताना वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी आपली वेळ जुळवून घ्यावी. रुग्णाला पुढे पनवेल, उल्हासनगर किंवा मुंबईला पाठवायचे झाले, तर इंजेक्शन किती वाजता दिले, बाळ किती वाजता जन्मले, या नोंदींवर तिथले डॉक्टर पुढचा निर्णय घेतात. सेकंदकाटा दोन-चार सेकंदांच्या उड्या मारू लागला, तर सेल संपत आल्याची ती खूण असू शकते. तो लगेच बदलावा.

घरी तान्हे बाळ असलेल्या कोणालाही श्वासांची ही मोजणी शिकता येते. बाळ शांत असताना किंवा झोपेत मोजावे, रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. मात्र बाळ दूध ओढत नसेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल, अंग तापलेले किंवा गार पडलेले असेल, तर मोजत बसू नये. थेट दवाखाना गाठावा.

आणि घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला नर्सिंगच्या पहिल्या दिवसासाठी घड्याळ भेट द्यायचे असेल, तर दुकानदाराला सोनेरी घड्याळांचा ट्रे आत ठेवायला सांगावा. साधी पांढरी तबकडी, ठळक आकडे आणि लाल सेकंदकाटा असलेले घड्याळ मागावे. पुढची कितीतरी वर्षे त्या काट्यावर कुणाकुणाचे श्वास मोजले जाणार आहेत.