ओळखीचा बंदोबस्त

१९९२च्या डिसेंबरात मी विशीत होतो. घोटीत हायवेच्या चहाच्या टपरीवर मुंबईकडून आलेल्या ट्रकवाल्यांना आम्ही एकच विचारायचो, "भिवंडीत काय?" १९७० आणि १९८४ साली तिथं भीषण दंगली झाल्या होत्या. मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहील, असं कुणाला वाटत नव्हतं. पण ती राहिली.

याचं मोठं श्रेय मोहल्ला कमिट्यांना जातं. १९८८पासून पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी अशा सुमारे ७० कमिट्या उभारल्या. वस्तीतले हिंदू-मुसलमान आणि साधा पोलिस एकत्र बसत, किरकोळ तंटे मिटवत, तेही दंगल नसताना. म्हणून अफवा आली तेव्हा खरं काय ते कुणाला विचारायचं, हे माहीत होतं.

अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या पुस्तकात मांडलं, की खेड्याला रोजचा शेजारधर्म पुरतो. शहराला मात्र मिश्र संघटना लागतात. आता आमची घोटी धड खेडंही राहिलेली नाही!

अठराव्या वर्षी मत मिळतं, भरवसा मिळत नाही. परवा गल्लीतल्या एका पोराला विचारलं, "पलीकडच्या आळीतल्या किती जणांचे नंबर आहेत तुझ्याकडे?"

"चाचा, क्रिकेट टीमचे आहेत ना."

म्हटलं, मग महिन्यातून एकदा मॅच सोडून बसा. विषय काय? गटार तुंबलेलं आहेच की.