जास्वंदीने मान टाकली म्हणजे ती तहानलेलीच असते काय?

ज्या शहरातील गणेशमंदिरात १८४२ साली गंगाधरराव नेवाळकर आणि पुढे राणी लक्ष्मीबाई म्हणून विख्यात झालेल्या मनकर्णिका यांचा विवाह झाला, त्या झाशीत आमच्यासारख्या मराठी घरांनी गणपतीला वाहण्यासाठी दारी तांबड्या जास्वंदीचे एक तरी झाड राखण्याची वहिवाट सोडलेली नाही. आणि म्हणूनच वैशाखात ते झाड मरगळले, की घरावर अरिष्ट कोसळल्यासारखी धावपळ होते व त्या धावपळीत प्रथम हाती येते ती पाण्याची बादली. ‘मान टाकली, म्हणजे तहान लागली’ हा निवाडा मी इतक्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडून ऐकला आहे आणि त्यापायी मेलेल्या इतक्या जास्वंदी पाहिल्या आहेत, की तो खोडून काढल्याखेरीज मला स्वस्थता लाभणार नाही.

पाने लोंबतात ती पेशींतील पाण्याचा दाब घटल्यामुळे. परंतु हा दाब घटण्याचे कारण एकच नाही. माती कोरडी पडली की तो घटतो, हे सर्वांस ठाऊक आहे. माती ओली असूनही, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि लू वाहत असताना पानांतून उडून जाणारे पाणी मुळांच्या शोषणाला मागे टाकते, तेव्हाही तो घटतो, आणि सूर्य कलल्यावर झाड आपले आपण सावरते. आणि मातीत पाणी अतोनात झाले तरीही तो घटतो, याची मात्र कोणी दखल घेत नाही. मुळांनाही श्वसन करावे लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतील हवा पाण्याने हुसकून लावली, की प्राणवायूअभावी त्यांची शोषणशक्ती क्षीण होते, कुजव्या बुरशींना मोकळे रान मिळते, आणि पाण्यात उभे असलेले झाड पाण्यावाचून सुकू लागते. अशा झाडाला वरून आणखी दोन तांबे घालणे म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात पाणी ओतणे होय. हे सांगताना माझा स्वर चढत असेल तर चढो.

‘आमची माती खडकाळ, ती पाणी धरतेच कुठे?’ असा प्रतिवाद येथे हमखास होतो. तो करणाऱ्यांनी ड्रेक-ब्रॉकमन यांचे १९०९ सालचे झाशी जिल्ह्याचे गॅझेटियर पाहावे. जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात येथील जमिनींची मार, काबर, पडुआ आणि राकड अशी प्रतवारी होत असे, आणि त्यांपैकी पहिल्या दोन काळ्या, चिकण व ओल धरणाऱ्या आहेत. अशी काळी माती कुंडीत भरली, की ओली असता ती फुगून हवेची वाट बुजवते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट ताटलीत उतरते, मालकाची खातरजमा होते, आणि गाभा कोरडाच राहतो. एकाच कुंडीत आज अतिवृष्टी आणि उद्या अवर्षण असा हा मामला असल्याने वरवर पाहून काही कळत नाही. यासाठी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, दोन पेरे बोट मातीत घालावे: मान खाली आणि बोट कोरडे, तर तळातून निथळेपर्यंत सावकाश पाणी द्यावे, मान खाली आणि बोटाला चिखल, तर पाणी तत्काळ बंद करावे.

दुसरा समज खताचा. आजारी माणसाला कोणी श्रीखंडपुरी वाढत नाही, परंतु आजारी झाडाला मूठभर युरिया बिनदिक्कत दिला जातो. खताचे क्षार मातीतल्या पाण्यात विरघळले, की दुबळ्या मुळांना तेच पाणी ओढून घेणे अधिक कठीण होते, आणि पानांच्या कडा करपतात. पिवळेपणाही एकजात नसतो. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुधा लोहाची उणीव, आणि बोअरचे पाणी चुनकट असेल तेथे ती वारंवार आढळते, कारण चुन्याच्या मातीत असलेले लोहही मुळांना मिळत नाही. तेथे युरिया निरुपयोगी, चिलेटेड लोह द्यावे. खालची जुनी पाने पिवळी, तर नत्राची उणीव, पाण्याचा अतिरेक किंवा नुसते वय. आणि पौषात असेल तर थंडी.

कुंडीच्या तळाशी खडे घातल्याने निचरा वाढतो, हाही भ्रम. बारीक मातीतले पाणी, ती पुरती भिजेपर्यंत खालच्या जाड थरात उतरतच नाही, हे वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या लिंडा चाल्कर-स्कॉट यांनी विस्ताराने मांडले आहे. भोकावर एक खापरी पुरे. दूधसाखरेच्या चहाचा चोथा कुंडीत घातल्याने मुंग्या येतात, आणि मुंग्या पिठ्या ढेकणांना सांभाळतात. फांद्यांवरचा पांढरा कापूस ही बुरशी नव्हे, तो हाच ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावा. देवाचे झाड छाटू नये म्हणतात, पण जास्वंदीला फुले नव्या फुटीवरच येतात. येथे थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर छाटावे.

गेल्या ज्येष्ठात शेजारच्या काकूंनी मेली म्हणून कुंडी दाराबाहेर ठेवली होती. मी खोडावर नखाने ओरखडा काढला. सालीखाली हिरवे निघाले. माती झाडून पाहता मुळे बव्हंशी तपकिरी, मऊ आणि दुर्गंधीची होती. ती कापली, तितक्याच प्रमाणात फांद्या कमी केल्या, आणि बागेची माती, जाडी वाळू व कुजलेले शेणखत समभाग घेऊन पुन्हा लावले. सकाळच्या उन्हाखेरीज सारा दिवस सावली, आणि नवी फूट येईपर्यंत खताचा एक कणही नाही, एवढीच अट घातली. भाद्रपदात, चतुर्थीनंतर थोड्याच दिवसांनी, पहिले फूल आले. त्याच संध्याकाळी काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या: सकाळी उमललेले फूल मिटून गेले होते. मी त्यांना सांगितले, “काकू, जास्वंदीचे फूल बहुधा एका दिवसाचेच असते, झाडाला काही झालेले नाही. त्याच फांदीवरच्या दोन कळ्या पाहा.”