जुने टायर पाण्यात टाकले तर माशांना घर मिळतं का?

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात जुने टायर सोडले, तर माशांना आसरा मिळेल का? ऐकायला सोपं वाटतं. पण १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात असेच सुमारे २० लाख टायर टाकले गेले. त्यांना बांधणारे पट्टे तुटले आणि सुटे टायर शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आदळले. पुढे ते काढायला सैन्याचे पाणबुडे उतरवावे लागले.

शिवाय टायरमधल्या एका रसायनापासून बनणारं विष कोहो सॅमन माशांना मारतं, हे २०२० मध्ये समोर आलं.

धरणात समुद्रासारख्या लाटा नसतात, पण रसायनांचा प्रश्न उरतोच. कोयना कराडला कृष्णेला मिळते. तेच पाणी पुढे सांगलीच्या शेतात आणि नळांत जातं. माशांना आसरा द्यायचाच, तर तमिळनाडूच्या समुद्रात वापरतात तसे काँक्रीटचे सांगाडे बरे.