एकाकीपणा घालवायला हिमालय कशाला?

एकाकी माणूस म्हटलं की मुलं परदेशी गेलेल्या घरातले आजोबा डोळ्यांसमोर येतात. हे चित्र खोटं नाही, पण फार अपुरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा छळतो आणि १३ ते २९ या वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. वसतिगृहाच्या खोलीत तिघांबरोबर राहणारा, दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर असणारा मुलगाही त्यात असू शकतो. उलट एकटी राहणारी एखादी बाई अजिबात एकाकी नसते. हवी तशी जवळीक मिळत नाही, ही बोच म्हणजे एकाकीपणा. भोवतीची डोकी मोजून तो कळत नाही.

म्हणून ‘चार माणसांत मिसळ, बरं वाटेल’ हा सल्ला अनेकदा फसतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी ‘अर्बन माइंड’ या अ‍ॅपवरून लोकांना दिवसातून अनेकदा विचारलं, आत्ता कसं वाटतंय, भोवती काय आहे? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, दाटीवाटीच्या जागी एकाकीपणाची भावना ३८ टक्क्यांपर्यंत वाढलेली दिसली आणि निसर्गाचा सहवास असताना २८ टक्क्यांपर्यंत घटलेली.

निसर्ग म्हणताच पुढचा गैरसमज हजर होतो: त्यासाठी सुट्टी काढून ताडोबा, कोयना नाहीतर थेट हिमालय गाठायला हवा. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला २०१९ चा अभ्यास वेगळं सांगतो. आठवड्यात एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली आणि मन समाधानी असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. त्यात शहरातल्या बागाही धरल्या होत्या. दोन तास एका दमात काढले की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. मुळात धडधाकट माणसंच जास्त फिरत असतील, ही शंका रास्त आहे आणि अशा पाहणीतून ती पुरती फिटत नाही. तरीही दीर्घ आजार असलेल्यांतही हाच कल दिसला, हे महत्त्वाचं. पुण्यात हनुमान टेकडी किंवा तळजाई, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, आणि तेही लांब पडत असेल तर घराजवळची बाग, एवढ्यावर हे दोन तास सहज भरतात.

सगळ्यात खोलवर रुजलेली समजूत मात्र वेगळीच आहे. निसर्गात जायचं ते माणसांपासून दूर पळायला, असं आपण धरून चालतो. शिकागोतल्या सरकारी वसाहतींत १९९० च्या दशकात झालेलं संशोधन इथे मुद्दाम वाचावं असं आहे. रॉबर्ट टेलर होम्स ही तिथली उंच, एकसारख्या इमारतींची गरीब वस्ती होती. काही इमारतींभोवती झाडं आणि गवत उरलेलं, काहींभोवती नुसतं डांबर. घरं सरकार वाटून देई, त्यामुळे ‘झाडांची आवड असणारेच हिरव्या बाजूला गेले’ असं म्हणायला फारशी जागा नव्हती. फ्रान्सिस कुओ, विल्यम सलिव्हन आणि सहकाऱ्यांना आढळलं, की झाडं असलेल्या मोकळ्या जागांत लोक जास्त वेळ बाहेर थांबत, आणि तिथल्या शेजाऱ्यांचे एकमेकांशी संबंध अधिक घट्ट होते. सावली असली की माणूस टेकतो. टेकला की बोलणं होतं.

आपल्याकडे याचा पुरावा रोज पहाटे दिसतो. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो जगभर पसरला. टेकडीवर नेहमी भेटणाऱ्यांची आडनावं ठाऊक नसतात, पण कुणी दोन दिवस दिसलं नाही तर चौकशी होते. पक्षीनिरीक्षणाच्या फेरीत तर बुजऱ्या माणसाचीही सोय होते, कारण स्वतःविषयी बोलावं लागत नाही; समोरच्या फांदीवरच्या तांबटाविषयी बोललं तरी पुरतं.

याचा अर्थ झाडं हे सर्व दुखण्यांवरचं औषध आहे, असा नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडेच जायला हवं. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. अशा वेळी ‘जरा फिरून ये’ म्हणणं क्रूर ठरतं.

शेवटचा गैरसमज असा, की निसर्गात जाणं हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. खरं तर घराजवळ तशी जागा आहे का, हाही प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातल्या शहरांत झालेल्या अभ्यासात घरापासून १.६ किलोमीटरच्या परिसरात ३० टक्क्यांहून अधिक हिरवाई असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या लोकांत एकाकी होण्याची शक्यता जवळपास निम्मी आढळली. आणि मुंबईत? माणशी दोन चौरस मीटरही सार्वजनिक मोकळी जागा नाही. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा आकडा १० ते १२ आहे. आहेत त्या बागांपैकी कित्येक दुपारी कुलूपबंद असतात, स्वच्छतागृह नसल्याने बायका आणि म्हातारी माणसं तिथे फार वेळ थांबत नाहीत. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून रस्ता नको म्हणत पुणेकर मोर्चा काढून रस्त्यावर उतरले, ते झाडांसाठी जितके होते तितकेच तिथे रोज भेटणाऱ्या माणसांसाठीही होते.