स्वस्त तिकिटाचा हिशेब

आपल्या रायगड जिल्ह्यात आता विमानतळ झाला आहे. तो पनवेल तालुक्यात, उलव्याजवळ आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या माणसाला आता विमानासाठी थेट मुंबई गाठायला नको. तेव्हापासून आम्हाला पारावर एकच प्रश्न विचारतात, "गुरुजी, विमान म्हणे गाडीपेक्षा स्वस्त पडते. खरे का?"

कधी खरे, कधी खोटे. ते कसे, हे समजून घेऊ.

प्रथम आपली एसटी पाहू. एसटीचे भाडे ठरलेले असते. गाडी रिकामी असो की भरलेली, कंडक्टर तेच पैसे घेतो. शिवाय एसटीत काही सवलती आहेत. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांनाही अर्धे तिकीट. ७५ वर्षे पुरी झाली की प्रवास फुकट; ही सोय ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाली. त्यासाठी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. ही मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे. तो मागताना मान खाली घालू नये. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पासही मिळतो. त्याचे नाव 'आवडेल तेथे प्रवास'. एकदा पैसे भरले की तेवढे दिवस हव्या त्या गावी जावे. कुलदैवत, लेकीचे घर आणि पंढरपूर एकाच फेरीत करायचे असेल, तर हा पास बरा पडतो. रेल्वेतही वयस्कर माणसांना सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली.

लाँचचे तिकीटही नीट वाचावे. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते. हे ज्याला ठाऊक नाही, तो मांडव्याला उतरून रिक्षाला वेगळे पैसे देतो. पैसे भरलेली बस त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जाते!

आता विमान. विमानाचे भाडे ठरलेले नसते. बाजारात मासळी कमी आली की भाव चढतो. तसेच हे आहे. जागा भरत गेल्या की उरलेल्या जागांचा भाव वाढतो. गणपतीत, दिवाळीत, मे महिन्यात तो फार चढतो. म्हणून एकाच विमानात शेजारीशेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे दिलेले असतात. यात लबाडी नाही. तो त्यांच्या धंद्याचा रिवाज आहे. आपल्या देशात ही स्वस्त विमाने कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये आणली. त्यांच्या कंपनीचे नाव एअर डेक्कन. त्यांनी थोड्या जागा एक रुपयालाही विकल्या. बाकीच्या जागांना अर्थातच जास्त पैसे पडत. पण बोलबाला त्या एका रुपयाचा झाला. जाहिरातीचे असेच असते.

समजा, मोबाइलवर दिसले, '१८०० रुपयांत गोवा'. ते मूळ भाडे झाले. त्यावर कर आणि विमानतळाचे शुल्क समजा ७०० रुपये. खिडकीची जागा निवडली, त्याचे २५०. (जागा निवडली नाही तरी जागा मिळतेच. कोणी उभ्याने नेत नाही.) अलिबागेहून उलव्याला जायला खासगी गाडी केली, तिचे १५००. झाले किती? ४२५० रुपये. आणि गोव्यात विमानतळावरून गावात जायचे भाडे अजून धरलेच नाही. तीन तासांचा वेळ वाचला, त्याची किंमत ज्याने त्याने ठरवावी. आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्याला ती मोठी आहे. आमच्यासारख्या रिकाम्या माणसाला नाही.

सामानाचेही नियम आहेत. हातातली पिशवी बहुधा ७ किलोपर्यंत चालते. मोठी पेटी बहुतेक ठिकाणी १५ किलोपर्यंत चालते. अगदी स्वस्त तिकिटावर कधी कधी मोठ्या पेटीचे वेगळे पैसे द्यावे लागतात. वजन वाढले की दर किलोला पैसे मोजावे लागतात, आणि ते थोडेथोडके नसतात. म्हणून घरूनच पेटी काट्यावर तोलून निघावे. आपल्या किनाऱ्याच्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुके खोबरे विमानात नेऊ देत नाहीत. त्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते, म्हणून. आमच्या गावच्या एका आजीबाई लेकीसाठी खोबऱ्याच्या वाट्या घेऊन निघाल्या होत्या. त्या तिथेच काढून घेतल्या. आजी म्हणाल्या, "अरे, घरच्या झाडाच्या आहेत!" पण नियमाला घरचे-दारचे कळत नाही. श्रीवर्धनची सुपारी मात्र खुशाल न्यावी.

तिकिटावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव अगदी सारखे हवे. तिकीट विमान कंपनीकडून थेट काढले असेल आणि नावात एखादे अक्षर चुकले असेल, तर २४ तासांच्या आत फुकट दुरुस्ती होते. नंतर वाद होतो. म्हणून तिकीट हाती आले की लगेच वाचा. दुसऱ्याला "बघ रे, बरोबर आहे का" असे विचारून मोबाइल खिशात टाकू नका. तुम्हाला आता अक्षर येते.

आणि हे तर पुष्कळ शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. विमान चुकले किंवा जाणे रद्द केले, तर स्वस्त तिकिटाचे मूळ भाडे बुडते. पण कराचे आणि विमानतळाच्या शुल्काचे पैसे परत मिळतात. तसा सरकारचा नियम आहे. वरच्या हिशेबात ते ७०० रुपये होते. मागितले नाहीत, तर ते कंपनीकडेच पडून राहतील.

राहण्याविषयी थोडेच सांगतो. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचे दुकान. राहायचे ते लॉज. मोबाइलवर लॉजची खोली दाखवतात, तिथेही वाचायचे तेच: कर धरून किती? जेवण आत की बाहेर? रद्द केले तर पैसे परत का? आपल्या नागाव, काशीद, दिवेआगरकडे घरगुती सोय असते. तिथे आधी फोन करून घरमालकाशी सरळ बोलावे. मधल्या दलालाची दलाली वाचली, तर दोघांनाही बरे. खाणावळीच्या बिलात 'सेवा शुल्क' लिहिलेले असेल, तर ते देणे सक्तीचे नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे सांगितले आहे. कोणी अडवले तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आता पॉइंटांची गंमत. कोळीण नेहमीच्या गिऱ्हाइकाला वाट्यावर एक बोंबील जादा टाकते. का? तुम्ही उद्याही तिच्याकडेच यावे म्हणून. अमेरिकेतल्या एका विमान कंपनीने १९८१ मध्ये हेच केले. जितका प्रवास, तितके पॉइंट. पुष्कळ साठले की एक तिकीट फुकट. आता विमान कंपन्या, लॉजवाले, बँकांची कार्डे, सारेच पॉइंट देतात. पण कोळिणीचा बोंबील त्याच वेळी आपल्या टोपलीत पडतो. कंपनीचे पॉइंट तिच्याच वहीत राहतात. त्यांचा भाव तीच ठरवते, मुदतही तीच घालते. शिवाय कंपनीच बसली तर? किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची २०१९ मध्ये. जो महिन्यातून चार वेळा उडतो, त्याने पॉइंट जरूर साठवावेत. दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याचे पॉइंट बहुधा मुदतीतच मरतात. पॉइंट मिळावेत म्हणून महागडे तिकीट काढणे म्हणजे बोंबलासाठी पापलेट घेणे.

अशी बक्षिसे नवी नाहीत. १९०६ मध्ये तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लई यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. तिची बोट कोलंबोला जाई. तिला बुडवायला इंग्रजी कंपनीने भाडे उतरवत उतरवत शेवटी प्रवास फुकट केला, आणि वर प्रत्येक उतारूला एक छत्री! १९११ मध्ये स्वदेशी कंपनी मोडली. मग फुकट प्रवासाची गरज कोणाला उरली?

पॉइंटांच्या नावाने आता चोऱ्याही होतात. मोबाइलवर निरोप येतो: 'तुमचे ५००० पॉइंट आज रात्री संपतील. खालच्या ओळीवर बोट ठेवा.' बोट ठेवले की एखादे ॲप मोबाइलमध्ये शिरते किंवा बँकेचा आकडा विचारला जातो, आणि खाते रिकामे होते. असा निरोप आला तर त्या ओळीवर बोट ठेवू नका. ओटीपी कोणालाच सांगू नका, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. हा आकडा घरातल्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, तुमच्याच हाताने लिहून ठेवा.