काटा खाली आला म्हणून…

गाडीतल्या मीटरकडे आपले लक्ष जाते ते बिघडल्यावरच. एकदा खंबाटकी घाट चढताना माझ्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा एकाएकी खाली आला. इंजिन थंड झाले म्हणून मी निर्धास्त. प्रत्यक्षात नळी फुटून रेडिएटरमधले पाणी वाहून गेले होते. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच उरले नाही, तर त्याला इंजिनाची उष्णता कळणार कशी? बॉनेटमधून धूर आला तोवर हेड गॅस्केट जळले होते.

काटा चुकला म्हणजे मीटरच बिघडले, असे नव्हे. पेट्रोलच्या टाकीत एक फ्लोट तरंगतो. तो वरखाली झाला की विद्युतरोध बदलतो आणि काटा हलतो. म्हणून एकच काटा चुकत असेल, तर आधी त्याचा सेन्सर आणि वायर तपासावी. सगळेच एकदम चुकू लागले, तर फ्यूज, अर्थिंग किंवा मीटरला ठरावीक व्होल्टेज पुरवणारा रेग्युलेटर पाहावा. एवढ्यानेही दोष सापडला नाही, तरच मीटर उघडावे.

मीटर बदलावेच लागले, तर जुन्यावरचे किलोमीटर बिलावर लिहून घ्या. नव्यावर शून्य दिसले, तरी इंजिनाचे वय कमी होत नाही. पुढे गाडी घेणाऱ्याला ते कळायला हवे.

आणि घाटात काटा असा अचानक खाली आला, तर खूश होऊ नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण मात्र थंड झाल्याशिवाय उघडू नका.