काळी माती आणि पिवळे बेडूक

मॅगझिनमध्ये यंदा चक्क बेडकावर लेख आहे म्हटल्यावर 'आता एवढंच बाकी होतं' असं तुम्ही म्हणणार, याची मला खात्री आहे. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने फार तर सिमेंटवर लिहावं! पण सॉइल मेकॅनिक्सच्या लेक्चरला सर काळ्या मातीचे दोष फळ्यावर लिहीत होते (ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, पाणी खाली जाऊ देत नाही, पाया टिकू देत नाही) आणि मला मात्र आमच्या बोदवडच्या शेतामागचं डबकं आठवत होतं.

बोदवड म्हणजे जळगाव जिल्ह्यातला कोरडवाहू तालुका. कपाशी, ज्वारी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि शेतातल्या भेगेत हात कोपरापर्यंत सहज जातो. आता ज्याचं कातडं ओलं राहिलं नाही तर श्वासाचेच वांधे होतात, असा प्राणी इथे राहतो कसा? लहानपणी आमची ठाम समजूत होती की बेडूक पावसाबरोबर आभाळातून पडतात. पाऊस लांबला की मुलं धोंडी काढायची, कडुनिंबाचा पाला आणि बेडूक घेऊन दारोदार फिरायची, बाया वरून पाणी ओतायच्या. त्या बिचाऱ्या बेडकाला विचारतो कोण! पण बेडूक आणि पाऊस यांची सांगड जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं १०३ वं सूक्त चक्क बेडकांवर आहे.

खरी गोष्ट अशी की बेडूक कुठेच गेलेला नसतो. तो आपल्या पायाखाली असतो. सर ज्या भेगांना नावं ठेवतात, त्या भेगांतून, बिळांतून, विहिरीकडच्या ओलीतून तो खाली उतरतो. लिंबाएवढा गोलमटोल बिळात राहणारा बेडूक (शास्त्रीय नाव स्फेरोथिका) तर स्वतःच खोदतो. त्याच्या मागच्या पायाला टाचेजवळ फाळासारखा कठीण उंचवटा असतो. तो बसल्या जागी मागचे पाय आळीपाळीने हलवतो आणि पाठीमागून जमिनीत शिरतो. जेसीबीवाल्याने बघण्यासारखं काम आहे ते! आत गेल्यावर हालचाल बंद, खाणं बंद, श्वास आणि हृदयाचे ठोके मंद. म्हणजे आपल्या लॅपटॉपचा स्लीप मोड.

युरोपातल्या जंगलात राहणारा साधा बेडूक, राना टेम्पोरारिया, हेच करतो, पण उलट्या कारणाने. तो थंडीसाठी झोपतो. पानांच्या थराखाली नाहीतर तळ्याच्या तळाशी चिखलात पडून राहतो आणि पाण्यातला ऑक्सिजन कातडीतून घेतो. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, त्यामुळे त्याचं भागतं. बर्फ वितळलं की तो अंडी घालायला तळ्यावर येतो. त्याच्या पिल्लांना शेपूट जाऊन पाय यायला दोन-तीन महिने लागले तरी चालतात, कारण तळं कुठे पळून जात नाही.

आमच्याकडे तळंच पळून जातं! सगळा खेळ इथे आहे. मृगात पहिला दणका पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर साचतं. काळ्या मातीतली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाण्याला वाट देत नाही. सरांच्या भाषेत परमिएबिलिटी कमी, आमच्या भाषेत डबकं. त्यातच मोठा बेडूक, म्हणजे इंडियन बुलफ्रॉग, हजर होतो. नर या दिवसांत हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याखालच्या दोन पिशव्या निळ्याशार. आवाजाची रचनाही बघा. फुफ्फुसातली हवा स्वरयंत्रावरून पिशवीत जाते, तीच परत फुफ्फुसात येते, बाहेर सोडायची गरजच नाही. पिशवी स्पीकरच्या पडद्यासारखा आवाज हवेत फेकते. युरोपातल्या राना आर्व्हालिस जातीचे नर असेच काही दिवस निळे होतात. झुंबडीत नर कोण, मादी कोण हे कळायला तो रंग उपयोगी पडतो.

मादी हजारो अंडी घालते, आणि मग शर्यत सुरू होते. एका बाजूला ऊन पाणी आटवतंय, दुसऱ्या बाजूला पिल्लांना महिना-दीड महिन्यात पाय फुटायला हवेत. मध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली की संपलं. बुलफ्रॉगची पिल्लं यावर एक क्रूर तोडगा काढतात. ती दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, आणि वेळ पडली तर एकमेकांनाही. पोट भरलं की वाढ लवकर होते. (मेसमध्ये चपात्या संपत आल्यावर आपण काय करतो, ते आठवा.)

या बेडकावर माणसानेही हात मारलेला आहे. त्याच्या तंगड्या परदेशी हॉटेलांसाठी टनावारी निर्यात व्हायच्या. १९८५ मध्ये तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्सच्या यादीत आला आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. तो संकटात असलेला प्राणी नाही, हेही सांगायला हवं. पण एखादी जात देशभर टिकून असते आणि एका गावातून निघून जाते, असं होऊ शकतं.

आमच्याकडे झालं ते आम्हीच केलं. २०२२ च्या उन्हाळ्यात पप्पांनी डबक्यात मुरूम टाकून जागा सपाट केली, गाडी लावायला. मुरमातून पाणी झिरपून जातं, साचत नाही. मीच शाळेतलं गणित मांडून किती ट्रॉल्या लागतील ते काढून दिलं होतं! त्याच वर्षी पलीकडे शेततळं झालं. मला वाटलं, चला, बेडकांना उलट मोठं घर मिळालं. जूनमध्ये पाऊस झाला, ओरडणं ऐकू आलं, सकाळी जाऊन बघतो तर पिवळे नर प्लॅस्टिकच्या कागदावर चढत होते आणि घसरून परत पाण्यात पडत होते. दीडास एकच्या उताराचा गुळगुळीत कागद, त्यावर शेवाळ. काही मरून तरंगत होते. आबा काठावर उभे होते. म्हणाले, "पाणी देलं रे भाऊ, पण दरवाजा नाही ठेवला."

दुसऱ्या दिवशी आम्ही चारही कोपऱ्यांत जुनी गोणपाटं दगड बांधून पाण्यात सोडली. खर्च शून्य. गोणपाट वर्षात कुजतं, म्हणून पुढच्या वर्षी काथ्याचा दोर विणून टाकला. त्यावरून बेडूकच काय, सरडे आणि एक मुंगूससुद्धा वर आलेलं मी पाहिलंय. कागदाला इजा होत नाही.

डबक्याचं मात्र अजून जमलेलं नाही. मुरूम उकरून खाली परत काळी माती दाबायची, पंधरा बाय वीस फूट, मध्ये दोन फूट खोल, असा बेत आहे. पप्पा म्हणतात, गाडी कुठे लावू? मी त्यांना पलीकडच्या बांधाजवळची जागा दाखवलीय. सबमिशन संपलं की मेमध्ये घरी जाईन तेव्हा आबा आणि मी फावडी घेऊन सुरुवात करणार आहोत. मृगाच्या आत झालं पाहिजे.